माजी सैनिकांच्या मनावरच्या आघाताचा गावपातळीवर अभ्यास कसा करावा

सातारा-सांगलीत समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या प्रबंधाला माजी सैनिकांचा विषय सहज सुचतो. माणसं गावातच असतात, प्रश्नावली फुकट मिळते, पाहुण्यातलं कुणीतरी मिल्ट्रीत असतंच. तरी वहीत पुष्कळदा एकच उत्तर जमा होतं: ‘आपलं सगळं ओक्के.’ ते कुठल्या चुकांमुळं येतं आणि त्या कशा टाळायच्या, यासाठी ही टिपणं. ती प्रबंधाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, तशीच गावात सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांसाठीही.

काय मोजायचं ते आधी ठरवा

‘मानसिक ताण’ असं शीर्षक घेऊन बसलात तर पेन्शनची कटकट, भाऊबंदकी, सोसायटीचं कर्ज आणि सुरुंगस्फोट एकाच पोत्यात जातील. आघातोत्तर ताण विकार, म्हणजे पीटीएसडी, याची पहिली अट घटनेची आहे. मृत्यू (किंवा त्याचा धोका), गंभीर जखम किंवा लैंगिक हिंसा प्रत्यक्ष भोगलेली, डोळ्यांनी पाहिलेली, किंवा अगदी जवळच्या माणसावर अचानक ओढवलेली असावी लागते. कामाचा भाग म्हणून मृतदेह उचलणं, अवशेष गोळा करणं हेही त्यात बसतं. बदली नाकारली, साहेबानं अपमान केला, याचा त्रास खराच असतो, पण तो या रकान्यात जात नाही.

हे नाव मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली, डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. दुखणं त्याआधीचं आहे. चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं १९१५ मध्ये ‘शेल शॉक’वर, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यात मनाला बसणाऱ्या धक्क्यावर, लेख छापला, तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि आपल्या भागातली माणसं त्यात लढत होती. आज निदानाच्या दोन चौकटी वापरात आहेत: डीएसएम-५, २०१३ ची, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दुसरीत लक्षणांची यादी आखूड आहे आणि ‘गुंतागुंतीचा पीटीएसडी’ हे वेगळं निदान आहे. दोन्हींतून येणारं प्रमाण सारखं नसतं. एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. अर्धी प्रश्नावली इकडची, अर्धी तिकडची असे प्रबंध तपासणाऱ्याच्या टेबलावर आडवे होतात.

व्याख्येनं आकडा किती हलतो, त्याचं ठळक उदाहरण व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचं आहे. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्या पुरुषांचं प्रमाण ३०.९ टक्के निघालं. त्याच माहितीची २००६ मध्ये लष्करी नोंदींशी पडताळणी झाली, लक्षणांमुळं रोजचं जगणं अडतं का हेही पाहिलं गेलं, आणि आकडा १८.७ टक्क्यांवर आला. ब्रिटनमध्ये २०१८ च्या अभ्यासात सेवेतून बाहेर पडलेल्यांत एकूण ७.४ टक्के, पण त्यातल्या प्रत्यक्ष लढाईच्या भूमिकेत गेलेल्यांत १७ टक्के. म्हणजे ईएमईचा, लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाचा, मेकॅनिक आणि मराठा लाईट इन्फंट्रीचा जवान एकाच सरासरीत घातले की दोघांबद्दलही काही कळत नाही. लढाऊ आणि बिगरलढाऊ असे गट पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. आणि हे परदेशी आकडे ‘साताऱ्यात इतके टक्के’ म्हणून कृपया छापू नका.

यादी

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची नोंद हा पाया. ती एकटी पुरत नाही, कारण नोंद करून कागदपत्रं वेळेवर देणारा माणूस मुळात धडधाकट आणि चालता-बोलता असतो. आजी-माजी सैनिक संघटनेची यादी याहून एकांगी. दरवाजा लावून घरात बसलेला माणूस ना बैठकीला येतो, ना पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला. नेमका तोच तुम्हाला हवा असतो.

म्हणून प्रत्येक निवडलेल्या गावात दुसरी, स्वतंत्र यादी करा: आशाताई, पोलीस पाटील, किराणा दुकानदार आणि प्रत्येक वस्तीवरचं एखादं जाणतं माणूस. मग दोन्ही ताडून पाहा. समजा कार्यालयाच्या यादीत ४० नावं, गावात विचारून मिळाली ३०, आणि दोन्हींत असलेली २४. मग ४० गुणिले ३० भागिले २४, म्हणजे अंदाजे ५० माणसं गावात असणार. तुमच्या हातात ४६ आहेत, म्हणजे चारेक अजून सुटलीत. ती शोधायला अर्धा दिवस द्या. वस्तीवर राहणारे, दुसऱ्या गावी सासुरवाडीत स्थायिक झालेले, सेवा पूर्ण न करता परत आलेले यांच्यात ती सापडतात. पुण्या-मुंबईला सिक्युरिटीत गेलेल्यांची नोंद वेगळी करा आणि सुट्टीला आल्यावर गाठा. ‘उपलब्ध नाही’ म्हणून सोडून दिलंत तर तरुण तेवढे गळतात आणि उरतात म्हातारे.

अपशिंग्याला जायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं, ‘मिलिटरी’ नावानं ओळखलं जाणारं गाव. वृत्तपत्रवाले आणि वाहिन्याही तिकडंच जातात. अभिमानाची उत्तरं तिथं तयार असणार. नमुन्यात चिठ्ठीनं आलं तर घ्या, हातानं निवडू नका.

नमुन्याचा आकार: प्रमाण १० टक्के गृहीत धरून, ५ टक्के अचूकता आणि ९५ टक्के विश्वासपातळी घेतली तर १३९ येतात. गावं निवडून त्यातली माणसं घेणार असाल तर दीडपट करा, २०९. पंधरा टक्के भेटणार नाहीत किंवा नाही म्हणतील असं धरलं तर यादीत २४६ नावं हवीत. चार गावांतून साठ-साठ घेण्यापेक्षा वीस गावांतून बारा-बारा घ्या. खर्च वाढतो, पण एका गावात संघटनेचं भांडण पेटलं म्हणून अख्खा अभ्यास बुडत नाही.

वेळही विचारात घ्या. पाटण-शिराळ्यात भातलावणी, वाळवा-कराडात ऊसतोड, तासगावात ऑक्टोबरची द्राक्षछाटणी चालू असताना निवांत तास कोणी देणार नाही. दिवाळीनंतरचे पाच आठवडे तर सोडूनच द्या. प्रश्नावली मागच्या महिन्याबद्दल विचारते आणि त्या महिन्यात फटाके असले की दचकण्याचे गुण सगळ्यांचेच चढतात. गावाजवळ खडीची खाण असेल आणि सुरुंग लागत असतील तर तसं फॉर्मवर लिहा.

परवानगी

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी, गावात पाऊल नंतर. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समितीपुढं लागू असतात. सेवेत असलेल्या जवानाला विचारायचं तर लष्कराची परवानगी लागते. सुट्टीवर आलाय म्हणून हळूच फॉर्म भरून घेऊ नका. निवृत्त माणसालाही तुकडी कुठं होती, कुठल्या कारवाईत काय झालं, असं विचारू नका. शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही माणसाला बांधून ठेवतो, आणि तुम्हाला त्या तपशिलाची गरजही नसते. ‘स्फोट’, ‘गोळीबार’, ‘हिमस्खलन’, ‘वाहन अपघात’ एवढं पुरतं.

संमतीपत्रात एक ओळ ठळक हवी: या माहितीचा पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, नोकरी किंवा बंदुकीच्या परवान्याशी काही संबंध नाही आणि ती कुठल्याही कार्यालयाला दिली जाणार नाही. यातलं परवान्याचं प्रकरण विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही. बँकेत बंदूकधारी पहारेकरी म्हणून लागलेल्या माणसाची रोजीरोटी त्या कागदावर असते. ‘झोपेत ओरडतो’ असं तो लिहून कशाला देईल?

प्रश्नावली मराठीत आणताना

चाळणीसाठी, म्हणजे पुढं नीट तपासायची माणसं निवडायला, पीसीएल-५ घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय पीटीएसडी केंद्राची ही प्रश्नावली कोणालाही मोफत वापरता येते. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. ३१ ते ३३ च्या दरम्यानची रेघ सहसा धरतात. ती रेघ इंग्रजी बोलणाऱ्यांवर ठरलेली आहे, हे विसरू नका. गुणांखेरीज रचनाही तपासा. दोन किंवा जास्त गुण मिळालेली लक्षणं पहिल्या पाच प्रश्नांत (आठवणींचा मारा) किमान एक, सहाव्या-सातव्यात (टाळाटाळ) एक, आठ ते चौदात (विचार आणि मनःस्थिती) दोन आणि पंधरा ते वीसमध्ये (चेतलेपणा) दोन असावीत. सोबत नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि दारूसाठी ऑडिट, याही प्रश्नावल्याच.

भाषांतर दोघांनी वेगवेगळं करावं, मग तिसऱ्यानं मूळ न बघता ते उलट इंग्रजीत न्यावं, ही रीत सगळ्यांना माहीत असते. अडतं पुढं. उलट भाषांतर उत्तम जुळतं आणि गावात वाक्य कळत नाही, कारण तिघंही पुस्तकी मराठी जाणणारे. ‘आपणांस इतरांपासून अलिप्त वाटते का?’ हे वाक्य खटावच्या हवालदाराला विचारून पाहा. ‘घरात असून नसल्यागत वाटतं का?’ म्हटलं की तो मान वर करतो. ‘अपराधीपणा’ ऐवजी ‘मनाला टोचणी’. ‘दुःस्वप्न’ नको, ‘वंगाळ स्वप्न’ चालतं. घटना जणू पुन्हा घडतेय असं वाटण्याच्या प्रश्नाला ‘आत्ता, इथंच चाललंय असं होतं का?’ हे सगळ्यांना कळतं.

सगळ्यात फसवा प्रश्न सावधपणाचा. सतत सावध असता का, असं सैनिकाला विचारलं तर तो ताठ बसतो: ‘असायलाच पाहिजे.’ एक अभिमानानं चार गुण घेतो, दुसरा ही ड्युटीच आहे, यात विशेष काय म्हणून शून्य. दोन्ही उत्तरं निकामी. प्रश्न कृतीवर आणा. हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसावं लागतं का? रात्री उठून कडी परत बघता का, किती वेळा? आणि त्यानं दमायला होतं का? अशी पुस्ती जोडलीत तर ती सर्वांना त्याच शब्दांत जोडा आणि अहवालात तसं नोंदवा.

‘गेल्या महिन्यात’ हा शब्दही घसरतो. कोणी मागची पेन्शन जमा झाल्यापासून धरतो, कोणी गावची जत्रा झाल्यापासून. भिंतीवर कालनिर्णय असतंच. आजच्या तारखेवर बोट ठेवा, मागच्या महिन्याच्या याच तारखेवर न्या, ‘इथून इथपर्यंत’ म्हणा. गुणांसाठी पाच घागरींचं चित्र कार्डावर काढून घ्या, रिकामीपासून काठोकाठ भरलेलीपर्यंत. ‘मध्यम’ हा शब्द कानावर पडला की निम्मी माणसं तोच उचलतात. चित्र दाखवलं की बोट इकडं-तिकडं फिरतं. नमुन्याबाहेरच्या दहा-पंधरा माणसांवर हे सगळं आधी चालवून पाहा. वाचून दाखवताना पीसीएलला वीसेक मिनिटं, एकूण मुलाखतीला तासभर धरा.

हुद्द्याचा रकाना डिस्चार्ज बुक बघून भरा. गावात मिशीवाला प्रत्येक माजी सैनिक ‘मेजर’ असतो. पुस्तकातले नंबर मात्र उतरवून घेऊ नका.

पेगचं गणित

कँटीनची रम हा इथल्या अभ्यासातला सगळ्यात मोठा गाळ आहे. ऑडिट प्रश्नावली ‘एक ड्रिंक’ म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरते. आपल्याकडचा मोठा पेग ६० मिलीचा आणि रम ४२.८ टक्क्यांची. त्यात अल्कोहोल सुमारे २० ग्रॅम, म्हणजे दोन ड्रिंक. क्वार्टर १८० मिली: सहा ड्रिंक.

आता रोज रात्री क्वार्टर संपवणारा माणूस घ्या. तो सांगतो, ‘तीन पेग.’ तुम्ही तीन ड्रिंक लिहिता. पहिल्या प्रश्नाला (किती वेळा) ४ गुण, दुसऱ्याला (एका दिवशी किती) १, तिसऱ्याला (एका बैठकीत सहा किंवा जास्त) ‘कधीच नाही’ म्हणून ०. बेरीज ५. खरं गणित केलं तर ४, २ आणि ‘रोज’ म्हणून ४. बेरीज १०. धोक्याची रेघ ८ वर आहे, ती या तीन प्रश्नांतच ओलांडली गेली. एकाच माणसाच्या एकाच सवयीत पाच गुणांचा फरक. म्हणून पेग विचारू नका, बाटली विचारा: क्वार्टर किती दिवस जाते, खंबा किती दिवस, सोबत कोण पितं. आकडेमोड तुम्ही घरी येऊन करा.

दारूचे गुण पीटीएसडीच्या गुणांपासून वेगळे ठेवा, पण एकत्र वाचा. झोप यावी म्हणून घेणारा माणूस झोपेच्या प्रश्नाला शून्य सांगतो. ‘न घेता झोप लागते का?’ हे विचाराच.

कुठं, कोणासमोर

पारावर नाही, सैनिक भवनात नाही, संघटनेच्या अध्यक्षांच्या पडवीत तर नाहीच. सुभेदार साहेब शेजारी बसलेले असताना शिपाई काय बोलणार? हुद्दा निवृत्त होत नाही. शेतातलं शेड किंवा गोठ्याची पडवी उत्तम. चहा येणारच, तो येऊन, कपबशा परत जाईपर्यंत साध्या गोष्टी विचारा: भरतीचं साल, शेती किती, बीपी-शुगर आहे का, ऐकू नीट येतं का. तोफखान्यातल्या माणसाला खरंच कमी ऐकू येत असतं आणि तुम्ही त्याला एकलकोंडा ठरवता. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता का, हेही विचारा. चिडचिड आणि विसरणं त्यातूनही येतं. एकाहत्तरच्या लढाईतली माणसं आता सत्तरी ओलांडून पुढं गेलीत, तिथं स्मृतीची चाचणी आधी.

बायकोला वेगळं विचारा, तिची वेगळी संमती घेऊन, शक्यतो बाईनं. रात्री दचकून उठणं, हात उगारणं, जवळ झोपायची भीती हे तिला ठाऊक असतं. तिनं सांगितलेलं त्याच्यासमोर कधीही उच्चारू नका. दोघांच्या उत्तरांत फरक आला तर दोन्ही तशीच नोंदवा, मध्य काढू नका.

घटना काय होती ते एका वाक्यात, आणि आज त्याचा त्रास काय ते सविस्तर. उलट केलंत तर माणूस बर्फात नाहीतर जंगलात परत जातो आणि तुम्ही पाचच्या एसटीनं घरी. हात थरथरायला लागले, नजर एका जागी थिजली, घाम फुटला की थांबा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, समोरच्या पाच वस्तूंची नावं विचारा, पाणी द्या. त्या दिवशी पुढचे प्रश्न नाहीत. मुलाखत घेणाऱ्यानंही दिवसाला तीनच घ्याव्यात. चौथीत कान बंद होतात. आठवड्याला एकदा मार्गदर्शकाबरोबर बसून जे ऐकलं ते बोलून टाकायची सोय ठेवा.

नववा प्रश्न

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याहून जास्त काही आलं तर फॉर्म बाजूला ठेवायचा आणि शांतपणे, सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार येतो का, कसा करायचं ठरवलंय, ते घरात आहे का, याआधी प्रयत्न झाला होता का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडं घरात असणाऱ्या दोन वस्तूंबद्दल नाव घेऊन विचारा, तणनाशक-कीटकनाशक आणि परवान्याची बंदूक. बेत आणि साधन दोन्ही असेल तर माणसाला एकटं सोडून उठायचं नाही. त्याला सांगून घरच्या एकाला बोलवा, औषधाचे डबे शेजाऱ्याच्या कुलपात जाऊ द्या, बंदूक पोलीस ठाण्यात जमा करता येते. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

हे सगळं जागेवर सुचत नाही, म्हणून पहिल्या मुलाखतीआधी कागदावर हवं. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय: तिथल्या मानसोपचार विभागात स्वतः जाऊन बोला, ओपीडीचे वार लिहून घ्या, पाठवायची चिठ्ठी ठरवा. ईसीएचएस कार्ड असलेल्याला सहसा पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यावं लागतं. ते कोण देतं, कुठल्या वेळेत देतं हे आधी विचारून ठेवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो प्रत्येक घरी छापील द्या, गुण कितीही असोत. फक्त जास्त गुणवाल्यालाच चिठ्ठी दिलीत तर संध्याकाळपर्यंत गावाला कळतं कोणाकोणाला मिळाली.

आकडे लिहिताना

चाळणीत अडकलेला प्रत्येक माणूस रुग्ण नसतो, आणि सुटलेला प्रत्येक निरोगी नसतो. म्हणून दुसरा टप्पा लागतो: कॅप्स-५ ही रचनाबद्ध मुलाखत, प्रशिक्षित तज्ज्ञाकडून, पाऊण ते एक तासाची. अडकलेल्या सगळ्यांची, आणि सुटलेल्यांतल्या दर पाचांपैकी एकाची. ही दुसरी अट पैसे वाचवायला वगळतात आणि तिथंच चुकतात. समजा २०९ पैकी ४० अडकले, त्यांतले २४ पक्के ठरले. एवढ्यावर थांबलात तर प्रमाण ११.५ टक्के. सुटलेल्या १६९ पैकी ३४ तपासले आणि त्यात दोघे सापडले, तर सगळ्या १६९ मध्ये दहाएक असणार. एकूण ३४, म्हणजे १६ टक्के. विश्वासमर्यादा, म्हणजे खरं प्रमाण कुठून कुठपर्यंत असू शकतं ते, सोबत द्याच, दोन माणसांवर उभा असलेला अंदाज बराच हलतो.

तुलनेसाठी त्याच गावातले, त्याच वयाचे, फौजेत न गेलेले पुरुष घ्या. नाहीतर दुष्काळी पट्ट्यातल्या कोणालाही न लागणारी झोप युद्धाच्या खात्यावर जमा होईल.

कोष्टकात पाचांहून कमी माणसांचा रकाना छापू नका. ‘हवालदार, शिराळा तालुका, श्रीलंका, एक पाय नाही’ एवढं लिहिलं की नाव लिहायचं राहिलं कुठं? तालुका काढून जिल्हा लिहा, मोहिमेऐवजी दशक लिहा. नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडयादी वेगळ्या कुलपात, फॉर्म वेगळ्या. आवाजाची किंवा व्हिडिओची नोंद मोबाईलवर घेऊच नका. फोन दुरुस्तीला जातो, भावाच्या हातात जातो, व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. निष्कर्ष सांगायला गावात परत जा, पण ग्रामसभेत फक्त जिल्ह्याचा आकडा सांगा. ‘आमच्या गावात किती निघाले?’ असं सरपंच विचारणारच. ते सांगता येणार नाही, हे त्यांना पहिल्या भेटीतच, परवानगीचं पत्र देताना सांगून ठेवा.